तासांची वही

मी तेरा वर्षं एका कंपनीच्या लेखापरीक्षण विभागात काम केलं. दुसऱ्यांनी लिहिलेले आकडे तपासायचे, ताळा जुळत नसेल तर कुठे अडलंय ते शोधायचं, शेरा लिहायचा, पुढची फाइल. काम मला येत होतं आणि त्याचा कंटाळाही आला नव्हता. हे आधीच सांगते, कारण नोकरी सोडणारा माणूस नोकरीला वैतागलेलाच असणार असं सगळे धरून चालतात. मला चित्रं काढायची होती आणि त्यासाठी पहाटे साडेपाच ते साडेसात हे दोन तास पुरेनासे झाले होते, एवढंच.

चित्रं कुठली, हेही ठरलेलं होतं: लहान मुलांच्या पुस्तकांतली. एकदा भाचीला गोष्ट वाचून दाखवत होते. पानावरचे शब्द संपले म्हणून मी पान उलटायला गेले, तर तिनं पानावर हात दाबून धरला. चित्रातल्या खिडकीत एक मांजर बसलं होतं. गोष्टीत त्या मांजराचा कुठेच उल्लेख नव्हता. ते पुढे कुठे गेलं असेल हे तिला आधी ठरवायचं होतं, मगच पान उलटायला परवानगी. कुणीतरी ते मांजर तिथे काढलं होतं, लेखकानं न सांगता. ते काम मला करायचं होतं.

तयारीला दीड वर्ष लागलं. पैशांची बाजू मला सोपी होती. घरखर्चाचा महिनावार तक्ता काढून नवऱ्यापुढे ठेवला. त्यानं तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "नऊ महिन्यांचा खर्च बाजूला पडला की दे राजीनामा. आठ झाले म्हणून घाई करू नकोस." तेवढी रक्कम आम्ही वेगळ्या खात्यात साठवली. नवऱ्याची नोकरी चालू होती, हा मोठा आधार होता. तो नसता तर मी नऊच्या जागी अठरा महिने धरले असते.

चित्रांची बाजू मात्र मला वाटत होती तेवढी भक्कम नव्हती. ओळखीतून एका ज्येष्ठ चित्रकारांकडे गेले. निवडून तीस चित्रं नेली होती: चेहरे, झाडं, पावसातला रस्ता. त्यांनी सगळी सावकाश बघितली, त्यातलं एका मुलीचं चित्र बाजूला काढलं आणि विचारलं, "ही पाठमोरी उभी राहिली तर ओळखू येईल?"

मी गप्प.

"जिन्यावरून धावत उतरताना? रुसून टेबलाखाली बसल्यावर?" मग चित्रं परत नीट रचून माझ्या हातात देत म्हणाले, "हात चांगला आहे तुमचा. पण ही सुटी चित्रं झाली. पुस्तकात एकच माणूस तीस वेळा काढावा लागतो, आणि तिसाव्या वेळीही तो तोच वाटावा लागतो."

घरी आले ती हिरमुसूनच. दोन दिवस वही उघडली नाही. पण त्यांनी माझ्यासाठी पुढच्या चार महिन्यांचा अभ्यासक्रमच आखून दिला होता, हे नंतर कळलं. मी एकच मुलगी काढायला घेतली. सहा वर्षांची, कपाळावर न बसणारी बट, एका पायातला मोजा कायम घसरलेला. मोठ्या माणसाची उंची साधारण त्याच्या साडेसात डोक्यांएवढी असते. लहान मुलाची पाच-साडेपाच. हे माप मला पाठ होतं, तरी मुलगी वाकली, बसली, उडी मारायला निघाली की डोकं लहान व्हायचं आणि सहा वर्षांची मुलगी एकदम अकराची दिसायची. पाठमोरी काढताना घसरलेला मोजा हटकून दुसऱ्या पायावर जायचा. शेवटी मातीचं मुठीएवढं डोकं केलं, त्याला बट लावली आणि खिडकीत ठेवलं. उजेड फिरेल तसं ते काढत राहिले. वरून बघितलं की कपाळ मोठं होतं, नाक ओठांवर येतं आणि कान वर सरकतात. खालून बघितलं की याच्या उलट. हे पुस्तकात वाचून कळतं, पण हाताला कळायला डोकं हातात धरून फिरवावं लागतं.

त्याच काळात पानांचं गणितही शिकले. मुलांची चित्रपुस्तकं बहुतेक ३२ पानांची असतात, यामागे छपाईचा व्यवहार आहे. मोठ्या कागदाच्या एका बाजूला आठ, दुसऱ्या बाजूला आठ अशी पानं छापून घड्या घातल्या की सोळा पानांचा फर्मा होतो; दोन फर्मे मिळून बत्तीस. त्यातून शीर्षकाचं पान, हक्कांचं पान वगैरे वजा केलं की गोष्टीला समोरासमोरची बारा ते चौदा जोडपानं उरतात. सगळं नाट्य तेवढ्यात बसवायचं. कागद दुमडून, टाचून मी तळहाताएवढ्या डमी करायचे आणि ऑफिसला जाता-येता बसमध्ये उघडून बघायचे की पान उलटताना पुढचं बघायची ओढ लागते का. एका गोष्टीच्या अशा अकरा डमी झाल्या.

मनाला आधार लागायचा तेव्हा मी रँडॉल्फ कॉल्डेकॉट या इंग्रज चित्रकाराचं आयुष्य वाचायचे. मुलांच्या चित्रपुस्तकांना आजचं रूप देणाऱ्यांत त्याचं नाव फार वरचं आहे. अमेरिकेत १९३८ पासून दिलं जाणारं चित्रपुस्तकांचं पदक त्याच्याच नावाचं. हा माणूस पंधराव्या वर्षी बँकेत कारकून म्हणून लागला. आधी एका छोट्या गावात, मग मँचेस्टरला. १८७२ मध्ये, २६ व्या वर्षी, बँक सोडून तो लंडनला गेला. मला यातली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: बँक सोडण्याआधीच त्याची चित्रं मासिकांमध्ये छापून येऊ लागली होती. म्हणजे तोही काही वर्षं दोन्ही डगरींवर पाय ठेवून होता. दोन डगरींवर पाय ठेवू नये असं आपण ऐकत आलोय. मी ठेवले आणि ज्यांना जमेल त्यांनी ठेवावेत असंच मी सांगेन. अंधारात उडी मारण्याच्या कथा ऐकायला छान असतात, पण माझ्या नवव्या महिन्याच्या रकमेनं मला जेवढी शांत झोप दिली तेवढी कुठल्याही हिंमतीनं दिली नसती.

राजीनामा दिला, नोटीसचे दोन महिने संपले, आणि पहिला सोमवार आला. साडेपाचला उठले, साडेसातला हात आपोआप थांबला. तेरा वर्षांची सवय. तेव्हा आता उठायची गरज नाही हे लक्षात येऊन डोळे भरून आले. ब्रश हातात तसाच होता.

पण आनंद वेगळा आणि काम मिळणं वेगळं. पहिल्या चार महिन्यांत मी बेचाळीस प्रकाशकांना नमुने पाठवले. आठ जणांची उत्तरं आली, त्यांतली सहा "सध्या गरज नाही, नमुने जपून ठेवतो" अशी. हे "जपून ठेवतो" मला तेव्हा सभ्य नकारच वाटला होता. पुढे त्यांतल्याच एकीनं तब्बल चौदा महिन्यांनी फोन केला, म्हणून आता मला तो शब्द खरा वाटतो. नवीन माणसानं एवढं करावं: सरसकट सगळ्यांना सारखी चित्रं पाठवू नयेत. ज्या प्रकाशनाची पुस्तकं आपण हातात घेऊन बघितली आहेत, त्यांना तीन-चारच पाठवावीत, आणि त्यांतली दोन तरी एकाच पात्राची असावीत. संपादक नेमकं तेच शोधत असतात.

या काळात घरच्यांना आणि शेजाऱ्यांना माझी नवी स्थिती कळायला वेळ लागला. "तू घरीच असतेस ना," या वाक्यानं सुरू होणारी कामं रोज यायची. आईसुद्धा सकाळी अकराला फोन करायची, "काही करत नव्हतीस ना गं?" मी कधी चिडले नाही तिच्यावर, पण एकदा तिला घरी बोलावलं आणि शेजारी बसवून एक जोडपान रंगवलं. चार तास. मध्ये तिनं एकदाही हाक मारली नाही. जाताना म्हणाली, "अगं, तू तर पाणी प्यायलाही उठली नाहीस." तेव्हापासून तिचा फोन सहानंतर येतो.

पहिलं पुस्तक पाचव्या महिन्यात मिळालं. चौदा जोडपानं आणि मुखपृष्ठ. एकरकमी मानधन: आमच्या दोन महिन्यांच्या घरखर्चाएवढं. करार तीन पानांचा होता. आयुष्यभर दुसऱ्यांचे करार बारकाईनं वाचलेली मी. तो वाचला नाही असं नाही. "सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी, कायमचे" हे कलम वाचलं होतं. पण काम हातचं जाईल या भीतीनं त्यावर बोट ठेवलं नाही. पुढे माझी ती मुलगी वह्यांच्या वेष्टणावर आणि दप्तरांवर दिसली. कायद्यानं त्यांचं चुकलं नव्हतं. पण मला विचारलं नाही, कळवलंही नाही, आणि दुकानात ते दप्तर हातात घेतल्यावर पोटात खड्डा पडला तो आजही आठवतो.

त्यानंतर मी कॉपीराइट नीट समजून घेतला. कॉपीराइटबद्दलचा देशादेशांमधला बर्न करार १८८६ चा. योगायोगानं कॉल्डेकॉट त्याच वर्षी गेला, जेमतेम एकोणचाळीस वर्षांचा. या करारात सामील असलेल्या देशांमध्ये चित्र तयार झालं की हक्क जन्मतोच, नोंदणीची अट नसते, आणि सर्वसाधारणपणे तो निर्मात्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर किमान पन्नास वर्षं टिकतो. नोकरीत केलेल्या कामाची गोष्ट अनेक देशांत वेगळी असते, तिथे हक्क मालकाकडे जातो. स्वतंत्र काम करणाऱ्याला मात्र तो बहुधा स्वतः सही करूनच सोडावा लागतो. म्हणून सही करताना विचारायचं: कुठल्या वापरासाठी, कुठल्या भाषेत, किती वर्षं, कुठल्या प्रदेशात. पुस्तकासाठी चित्र देणं आणि दप्तरासाठी देणं हे दोन वेगळे व्यवहार आहेत. मूळ चित्राचा कागद कुणाकडे राहणार हा तिसराच प्रश्न, तोही लिहून घ्यायचा. मी आता कधी स्वतःचा एक पानाचा मसुदा पाठवते, कधी त्यांच्या करारातलं कलम बदलून मागते. आजवर असं विचारल्यामुळे काम गेलं ते एकदाच.

पहिल्या पुस्तकाच्या छापील प्रती आल्या तो दिवस मी कितीतरी वेळा मनात रंगवून ठेवला होता. पाकीट उघडलं. सातव्या जोडपानावर रात्र होती. मुलगी छपरावर बसून आकाश बघतेय. स्क्रीनवर ते निळं असं काही उजळलं होतं की मला स्वतःलाच त्यात बसावंसं वाटायचं. छापून आलं ते मळकट, काळपट जांभळं. आणि मुलीचा चेहरा बरोबर मधल्या घडीत. शिवणीनं तिचा एक डोळा गिळला होता.

चूक छापखान्याची नव्हती, माझीच होती. स्क्रीन लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून रंग दाखवते. छपाई सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शायांनी होते. प्रकाशातलं ते झगझगीत निळं शायांच्या आवाक्यातच नसतं. त्यातून कागद बिनचकाकीचा होता. असा कागद शाई पितो, ठिपके पसरतात आणि गडद भागातले बारकावे बुडतात. हे सगळं आधी बघता येतं. छापखान्याकडून त्या कागदाचं रंग-प्रोफाइल, म्हणजे त्यावर रंग कसे उमटतील ते सांगणारी फाइल, मागायचं, स्क्रीनवर ते लावून बघायचं आणि निदान दोन गडद पानांचं छापील प्रूफ हातात घ्यायचं. घडीचं तर त्याहून सोपं. डमीमध्ये पानं सपाट पडायची, कारण ती दोन पिनांनी टाचलेली होती. खऱ्या पुस्तकाची बांधणी आतल्या बाजूनं जागा खाते. आता मी प्रत्येक जोडपानावर मधोमध पेन्सिलनं दोन रेघा मारते आणि त्यांच्या मध्ये चेहरा, हात किंवा अक्षर येऊ देत नाही. बाहेरच्या कडांना कटिंगसाठी ३ मिलिमीटर जास्तीचं रंगवते. एवढ्या साध्या गोष्टी. पण त्या मुलीचा डोळा गेला तो गेलाच, पुढच्या आवृत्तीपर्यंत.

आता वहीबद्दल.

नोकरीच्या सवयीनं मी पहिल्या दिवसापासून एक वही ठेवली होती. डावीकडे काम, उजवीकडे वेळ. ती लिहायचे, पण वाचत नव्हते. पहिलं पुस्तक संपल्यावर एका रात्री ती उघडून बेरजा घातल्या. पुस्तकाला चित्रांचे ७१ दिवस लागले होते. आणि त्या सबंध काळात दर शंभर तासांतले चित्रासाठी गेलेले तास होते पन्नासच्या आसपास. उरलेले कुठे? ईमेल, दुरुस्त्यांवरच्या चर्चा, नमुने पाठवणं, स्कॅन करून कागदाचे डाग साफ करणं, बिल, थकलेल्या बिलाची आठवण, कागद आणायला जाणं. यांतलं काहीच टाळता येण्यासारखं नव्हतं, आणि यांतल्या कशाचेच पैसे मी धरले नव्हते.

मग टेबलावर कागद घेऊन बसले आणि तेरा वर्षं दुसऱ्यांसाठी केलेलं काम पहिल्यांदा स्वतःसाठी केलं. वर्षाचे ५२ आठवडे. आजारपण, सुट्ट्या आणि कामच नसलेले दिवस मिळून सहा वजा. ४६ आठवडे, पाच दिवसांप्रमाणे २३० दिवस. त्यातले निम्मे चित्राचे: ११५. घराला वर्षाचे ३६५ दिवस पोसायचे असतात. त्यावर कर, साहित्य, संगणक, विमा यांसाठी आणखी एक तृतीयांश धरला. हे सगळं ११५ दिवसांनी पेलायचं. म्हणजे माझ्या चित्राच्या एका दिवसानं घरखर्चाचे चार दिवस, वर थोडं, कमवायला हवं होतं. ७१ दिवसांच्या पुस्तकाला त्या हिशोबानं तीनशे दिवसांचा खर्च मिळायला हवा होता. मला साठ दिवसांचा मिळाला होता.

त्या रात्री मला रडू आलं नाही, उलट बरं वाटलं. तोवर नऊ महिन्यांची रक्कम झरझर उतरत होती आणि मला वाटत होतं की मी हळू काढते, मला जमत नाही, माझ्यात खोट आहे. आकड्यांनी सांगितलं की हात ठीक आहे, दर चुकलाय.

एका पुस्तकाला पाचपट मानधन कुणी देत नाही, हेही मला माहीत होतं. म्हणून दोन्ही टोकांनी सुरुवात केली. दर वाढवला. कामाचा वेळ कमी केला: आधी कच्च्या पेन्सिल चित्रांवर संपादकाची लेखी मान्यता, मगच रंग. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या मानधनात, तिसरीपासून वेगळे पैसे. पहिल्या पुस्तकात एक जोडपान मी पाच वेळा रंगवलं होतं, कारण प्रत्येक वेळी नवीनच कुणीतरी मत द्यायचं. आता एक तृतीयांश रक्कम सुरू करताना, एक तृतीयांश कच्ची चित्रं मान्य झाल्यावर, उरलेली अंतिम फाइल देताना. काम मध्येच रद्द झालं तर तोवरच्या टप्प्याचे पैसे परत नाहीत. आणि जमेल तिथे एकरकमी मानधनाऐवजी आगाऊ रक्कम अधिक विक्रीवर रॉयल्टी. प्रत्येक जमा रकमेतला कराचा वाटा त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात. पगारातून कर आपोआप कापला जायचा तेव्हा तो कधी दिसलाच नव्हता.

हा नवा दर पहिल्यांदा फोनवर सांगितला तेव्हा माझा आवाज कापत होता. समोरच्या बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "एवढं आम्हाला नाही परवडणार." मी म्हटलं, "बरोबर आहे. मग आपण बारा जोडपानांऐवजी सहा रंगीत आणि सहा नुसत्या रेषांची करू या का?" त्यांनी विचार करायला दोन दिवस घेतले आणि होकार दिला. रेषांची ती सहा पानं पुस्तकातली सगळ्यात जिवंत पानं झाली, असं मला मनापासून वाटतं. दुसऱ्या एका ठिकाणी असाच दर सांगितल्यावर पुन्हा फोन आला नाही. त्या आठवड्यात जीव खालीवर झाला.

आता चौथं वर्ष चालू आहे. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस साठवलेल्या रकमेतले दोन महिने उरले होते. आज पुन्हा सात झालेत. पुस्तकांबरोबर शाळांच्या पाठ्यसाहित्यासाठी चित्रं काढते, महिन्यातून दोन शनिवार मोठ्यांना रेखाटन शिकवते. मनगट दुखायला लागल्यापासून दर पन्नास मिनिटांनी उठते. पगाराएवढं उत्पन्न अजून होत नाही, त्याच्या तीन चतुर्थांशापर्यंत आलंय.

सध्या टेबलावर ज्या पुस्तकाची चित्रं आहेत ती एका आजोबांची आणि गळक्या छपराची गोष्ट आहे. गुरुवारी फाइल द्यायचीय. काल दहावं जोडपान संपवून वेळ लिहायला वही उघडली आणि आधीच्या पानांवर नजर गेली. पहिल्या जोडपानापासून एक गोगलगाय भिंतीवरून वर चढतेय. लेखिकेनं ती लिहिलेली नाही, संपादकांनी मागितलेली नाही. दर पानाला ती थोडी वर सरकते आणि शेवटच्या पानावर आजोबांच्या छत्रीच्या टोकावर पोचणार आहे. तिची नोंद मी वेगळ्या ओळीवर ठेवलीय, मानधनात धरलेल्या तासांमध्येच: गोगलगाय, आतापर्यंत ३ तास २० मिनिटं.